बहात्तराव्या हिश्श्याचा इतिहास

"एवढंसं तर विमान, त्याला महिनाभर काय करतोस?" असं घरात सगळ्यांचं विचारून झालंय. मावशीने तर "आमच्या नातवाकडे दे, अर्ध्या तासात जोडून देईल" अशी ऑफरही दिली. तिचं काही खोटं नाही. पाकिटात प्लॅस्टिकचे जेमतेम तीस-चाळीस तुकडे असतात. चिकटवत गेलं तर अर्ध्या तासात दोन पंखी विमान तयार होतं. बाकीचा महिना जातो तो पाकिटात नसलेल्या गोष्टी करण्यात. त्या गोष्टी कोणत्या आणि त्यांच्यामागे काय काय दडलेलं असतं, त्याबद्दल आज लिहितोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा :)

विमान आहे एस.ई.५ए. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत जन्मलेलं. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.१ मीटर. माझं विमान १:७२ मापाचं, म्हणजे ११ सेंटिमीटरच्या जरा वर. तळहातावर आरामात मावतं.

हे ७२ कुठून आलं? इंग्रजांच्या फूट-इंचांतून. सहा फूट म्हणजे ७२ इंच. सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा करायचा, की झालं १:७२. १९३२ साली ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाने लाकडी विमानांचे संच निघाले, त्यांनी हे माप रूढ केलं. मग १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन'ने याच मापात प्लॅस्टिकचे संच आणले. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांना हाताशी धरून याच मापाची पाच लाख लाकडी विमानं करून घ्यायची मोहीम १९४२ साली काढली. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांनी सावलीवरून ओळखावं म्हणून. म्हणजे हा खेळ वाटतो तितका निरागस नाही.

तर हे ७२ एकदा डोक्यात बसलं की सगळीकडे गुणाकार सुरू होतो. पाकिटातल्या पंखाची मागची कड १ मिलिमीटर जाड आहे. बोटाला ती पातळच लागते. पण गुणिले ७२ केलं की ७.२ सेंटिमीटर! एवढी जाड कड असलेलं विमान उडालंच नसतं. मग पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचं, प्लॅस्टिकमधून उजेड दिसायला लागेपर्यंत. मशीनगनची नळी पाकिटात भरीव असते. खरी व्हिकर्स ७.७ मिलिमीटरची, म्हणजे इथे भोक हवं ०.१ मिलिमीटरचं. ते काही माझ्याने होत नाही. इंजेक्शनच्या सुईने टोकाला नुसता टिंब पाडतो आणि त्यात काळा रंग सोडतो. डोळा तेवढ्यावर फसतो.

खरी मजा तारांमध्ये आहे. संचाच्या पाकिटात तारा नसतात, आणि तारा नसलेलं दोन पंखी विमान म्हणजे दोरी नसलेली बाज. चार पाय आहेत, चौकट आहे, पण अंग टाकाल तर थेट जमिनीवर.

या तारांचा इतिहास आकाशात सुरू होत नाही, रेल्वेच्या पुलांवर होतो. ऑक्टेव्ह शॅनूट हा अमेरिकेतला नामांकित रेल्वे आणि पूल इंजिनियर. उतारवयात त्याला उडण्याचं वेड लागलं. १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याने आपल्या ग्लायडरची चाचणी केली. त्यात एकावर एक दोन पंख होते आणि ते बांधले होते पुलासारखे. उभे खांब दाब सोसणार, तिरक्या तारा ताण सोसणार. पुलांच्या भाषेत 'प्रॅट ट्रस'. राईट बंधूंनी हीच बांधणी उचलली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं जगातली बहुतेक विमानं म्हणजे उडते पूल होती.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हाताने एकेक तार लावणं वेगळं. लावताना आपोआप कळतं की तारा दोन जातींच्या आहेत. एक जात खालच्या पंखाच्या मुळापासून निघून वरच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जाते. विमान हवेत असताना पंख वर ओढले जातात, तेव्हा ही तार त्यांना धरून ठेवते. दुसरी जात बरोबर उलटी, वरून मध्यातून निघून खाली बाहेर जाणारी. विमान जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन ही पेलते. पहिलीला उड्डाणाची तार म्हणतात, दुसरीला उतरण्याची. एक राबत असते तेव्हा दुसरी सैलावलेली. उड्डाणाच्या तारा बऱ्याच विमानांत जोडीने लावत, कारण एक गोळीने तुटली तर दुसरी असावी. ती जोडी मी जोडीनेच लावतो. दोन तारांमध्ये अर्धा मिलिमीटरही अंतर नसतं.

तारांचं गणित बघा. पाव इंची तार ७२ पट लहान केली की ०.०९ मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या केसाइतकी. कुठल्याही दुकानातला दोरा इथे नाड्यासारखा दिसेल. यावर जुना घरगुती उपाय म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या काडीला सुटे भाग लटकलेले असतात ती काडी मेणबत्तीच्या आचेवर धरायची, मधोमध मऊ होऊन चमकायला लागली की आचेपासून बाजूला घ्यायची आणि दोन्ही हातांनी एका दमात लांबवायची. पाकातून तार निघावी तशी बारीक तार निघते. हळू ओढलं तर जाड, जोरात ओढलं तर बारीक, आणि घाई केली तर तुटते. साखरेच्या पाकात ज्यांनी हात पोळलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. मग ती डिव्हायडरने मापून, पात्याने कापून, चिमट्यात धरून, टोकाला गोंदाचा कण लावून दोन पंखांमध्ये बसवायची. श्वास रोखून. पंखा बंद करून. घरातले लोक नेमके तेव्हाच पंखा लावतात.

एस.ई.५एच्या तारा गोल नव्हत्या, हेही सांगायला हवं. गोल तार वाऱ्याला फार अडते. म्हणून फार्नबरोच्याच लोकांनी चपट्या तारा काढल्या, ज्यांचा छेद मसुराच्या दाण्यासारखा, मधे फुगीर आणि दोन्हीकडे धारदार. त्यांना 'राफवायर' म्हणत. या तारा नीट ताणलेल्या ठेवणं हे एका वेगळ्या माणसाचं काम होतं. इंजिन बघणारा तो फिटर आणि पंख-तारा बघणारा तो रिगर. तंबोरा जुळवावा तसं रिगर एकेक तार कमी-जास्त करत पंखांचे कोन जुळवायचा. जुळणी बिघडली की विमान एका अंगाला ओढायला लागायचं. तेव्हाचा एक जुना विनोद आहे: सगळ्या तारा लागल्यात का हे बघायचं असेल तर पंखांच्या मध्ये एक पक्षी सोडा, पक्षी बाहेर आला तर एखादी तार कमी आहे.

विनोद बाजूला ठेवू. हे विमान पहिल्यांदा उडालं २२ नोव्हेंबर १९१६ रोजी. उडवलं फ्रँक गुडेनने. तो फार्नबरोचा मुख्य चाचणी वैमानिक, आणि विमानाच्या रचनेतही त्याचा हात होता. दोन महिन्यांनी, २८ जानेवारी १९१७ रोजी, याच जातीचं दुसरं विमान उडवताना पंख हवेतच तुटले आणि गुडेन गेला. पंख पिळवटून निकामी झाले होते. मग पंखांच्या आतल्या रचनेला प्लायवुडची मजबुती दिली गेली आणि पुढची विमानं भक्कम निघाली. इतकी, की जोरदार सूर मारूनही पंख शाबूत राहणारं विमान असा त्याचा लौकिक झाला. एकूण पाच हजारांवर बनली. या प्लायवुडचा तुकडा मॉडेलमध्ये कधीच दिसणार नाही, तो कापडाखाली आहे. पण पंख घासताना गुडेनची आठवण येते खरी.

कापडावरून आठवलं. पंखांवर आयरिश लिननचं कापड असायचं. लाकडी फासळ्यांवर ते शिवायचं आणि मग त्यावर 'डोप' नावाचा द्रव फासायचा. तो वाळला की कापड ताशासारखं घट्ट. आकाशकंदिलाच्या कामट्यांवर कागद लावून वर पाण्याचा हात फिरवला की कागद कसा ताणून बसतो, तसंच. जुन्या संचांमध्ये पंखावरच्या फासळ्या भुकेल्या कुत्र्यासारख्या वर आलेल्या असतात. खऱ्या पंखावर त्या जेमतेम जाणवायच्या. म्हणून त्या घासून जवळजवळ नाहीशा करायच्या आणि रंगाची एक हलकी छटा वेगळी देऊन नुसत्या सुचवायच्या.

रंग म्हणजे 'पी.सी.१०'. पिवळी माती आणि काजळी यांच्या मिश्रणाचा. त्याचा हेतू दुहेरी होता: उन्हाने लिनन सडू नये आणि विमान वरून जमिनीत मिसळून जावं. हा रंग नेमका हिरवट होता की चॉकलेटी, यावर मॉडेल करणारे लोक वर्षानुवर्षं भांडतात. मिश्रण कशात कालवलंय आणि विमान किती दिवस उन्हात उभं आहे यावर छटा बदलायची, तेव्हा दोन्ही बाजू बरोबर असू शकतात.

पण हे कापड शिवलं आणि डोप फासलं कोणी? कारखान्यांमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर बायका करत. युद्धाच्या पहिल्या वर्षांतल्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन नावाचं द्रावण असायचं. त्याच्या वाफेने यकृत खराब होऊन कामगारांना कावीळ व्हायची, काही जण त्यात दगावले. ब्रिटनमध्ये १९१६ साली अशा काविळीची सरकारकडे नोंद करणं सक्तीचं झालं आणि ते द्रावण हळूहळू मागे पडलं. वैमानिकांच्या नावांची पुस्तकं निघाली, त्यांनी पाडलेल्या विमानांच्या याद्या निघाल्या. या बायकांची यादी कोणी मुलांच्या संचाच्या पाकिटावर छापत नाही.

आता कॉकपिट. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात कमी दिसतं ते हेच. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे एकदा जोडले की वर उरतं नखाएवढं भोक. तरी आत लाकडी चौकट करायची आणि तिच्यात फुलीच्या तारा लावायच्या. पंखांमधल्यासारखाच पूल विमानाच्या पोटातही असतो. घड्याळांच्या काचांना फेविकॉलचा एकेक थेंब पुरतो. वाळला की पारदर्शक होतो. वरच्या पंखावरच्या लुईस मशीनगनसाठी वाकडा रूळ लागतो, तो विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या एका धाग्याचा. ही गन रुळावरून खाली ओढून वैमानिकाला तिचं ९७ गोळ्यांचं डबडं बदलावं लागायचं. ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यात, हात वर करून, दांडी गुडघ्यांत धरून.

मग येते सीट. सीटचा पट्टा मी गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी फॉइलचा करतो. एक मिलिमीटरहून कमी रुंदीची पट्टी कापायची, बकल म्हणून बारीक तारेचा चौकोन वळवायचा. हा पट्टा काय मोलाचा होता ते लुई स्ट्रेंजला विचारा. १० मे १९१५ रोजी तो दुसऱ्या एका विमानात अशाच लुईस गनचं अडकलेलं डबडं सोडवायला उभा राहिला. पट्टा घसरला, विमान उलटं झालं आणि हा बाहेर, त्याच डबड्याला लोंबकळत! आता तेच डबडं सुटू नये म्हणून देवाचा धावा. शेवटी पायांनी धडपडत आत शिरला आणि विमान सावरलं. नंतर तो दुसऱ्या महायुद्धातही उडाला.

सीटवर एक चामड्याची गादी असते. बस, एवढंच. ज्यांनी दुसऱ्या महायुद्धातली विमानं केलीत त्यांना इथे काहीतरी कमी असल्याचं जाणवेल. तिथे सीट खोलगट असते, कारण वैमानिक पॅराशूटवर बसतो. इथे खोलगा नाही, कारण पॅराशूट नाही. ते अस्तित्वात नव्हतं असं नाही. फुग्यांतल्या निरीक्षकांकडे होतं. १९१८ मध्ये जर्मन वैमानिकांनाही मिळू लागलं. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत मिळालं नाही. वजन जास्त, जागा कमी, भरवसा नाही, अशी कारणं दिली गेली. पॅराशूट असलं तर पोरं विमान टाकून उड्या मारतील असा वरिष्ठांचा विचार होता, असंही नेहमी सांगितलं जातं. अशी अधिकृत भूमिका खरंच होती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण सीट तर समोर आहे, सपाट.

आता फक्त एक महिना घेऊ, जुलै १९१८. ९ तारखेला जेम्स मॅकडन गेला, उड्डाण करतानाच्या अपघातात. हा मूळचा मेकॅनिक, आपल्या एस.ई.५एच्या इंजिनात हाताने सुधारणा करायचा आणि पाडलेल्या एका जर्मन विमानाच्या नाकावरचं लाल टोपण त्याने आपल्या विमानाला बसवलं होतं. एका अर्थी आमच्याच जातीचा! २६ तारखेला एडवर्ड मॅनक गेला, विमान पेटून. जळून मरण्याची त्याला इतकी धास्ती होती की तो म्हणे जवळ रिव्हॉल्व्हर ठेवायचा. ३१ तारखेला जॉर्ज मॅकेलरॉय. तिघेही एस.ई.५एमध्ये. आणि २२ तारखेला त्याच विमानात, मॅकेलरॉयच्या हाताखालचा एक १९ वर्षांचा मुलगा. त्याचं नाव इंद्रलाल रॉय.

माझं विमान त्याचं आहे.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात झाला, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. रॉयल फ्लाइंग कोरने आधी डोळ्यांच्या कारणावरून नाकारलं. तेव्हा आपली मोटरसायकल विकून त्याने बड्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं आणि निर्णय फिरवून घेतला, असं सांगतात. १९१७ साली भरती झाली. नोव्हेंबरात ५६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये असताना एस.ई.५ए कोसळून तो जबर जखमी झाला. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं होतं आणि तिथे तो शुद्धीवर आला, अशीही कथा आहे. पुढचे काही महिने तो उडण्यास अपात्र होता. त्या काळात तो विमानांची चित्रं काढायचा. त्याची रेखाटनं आजही आहेत. पट्ट्या, तारा, नळ्या सगळं दाखवणारं चित्र काढणारा माणूस मला फार ओळखीचा वाटतो.

जून १९१८ मध्ये तो ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये गेला. ६ ते १९ जुलै या तेरा दिवसांत त्याच्या नावावर १० विमानं लागली. त्यानंतर तीन दिवसांनी कार्व्हाँ गावावर फोकर विमानांशी झालेल्या लढाईत तो पडला. फ्रान्समधल्या एस्तवेल गावच्या दफनभूमीत तो आहे आणि त्याच्या दगडावर बंगालीतही मजकूर कोरलाय. मरणोत्तर डी.एफ.सी. मिळालं, ते मिळवणारा तो पहिला भारतीय. १९९८ साली जन्मशताब्दीला आपल्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं.

तो एकटा नव्हता. हरदितसिंग मलिक पगडीवर मोठं हेल्मेट घालून सॉपविथ कॅमल उडवायचा. तो वाचला आणि स्वतंत्र भारताचा राजदूत झाला. एरॉल सेन युद्धकैदी झाला. आणि चौथा आपल्या मुंबईचा: श्रीकृष्ण वेलिनकर (इंग्रजी नोंदींत आडनाव असं आहे). २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. जून १९१८च्या अखेरीस, इंद्रलालच्या तीन आठवडे आधी, तो गेला. फ्रान्समध्येच हँगार्डच्या दफनभूमीत त्याची जागा आहे. मुंबईत किती जणांना हे नाव माहीत असेल?

आता तुम्ही विचाराल, ज्या साम्राज्यासाठी ही मुलं मेली त्याने नऊ महिन्यांत जालियनवाला बाग केली, मग हे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. पण एवढं दिसतं, की इंद्रलालच्या नात्यातला सुब्रतो मुखर्जी १९३३ साली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या मूठभर वैमानिकांत होता. सुरुवात झाली चार वापिती विमानांवर, तीही दोन पंखीच. १९५४ मध्ये तो दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. भारतीयांना विमान उडवता येईल का, हा प्रश्न साहेबाने जेव्हा जेव्हा काढला असेल तेव्हा या चौघांची उदाहरणं तयार होती.

शेवटी वैमानिक रंगवायचा राहिला. एक इंचाचा, बसलेला म्हणून त्याहून लहान. चेहरा तीन मिलिमीटर. चेहऱ्यासाठी हंब्रोलची ६१ नंबरची डबी असते, वर नाव 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग. झाकण उघडलं की आत गुलाबी. पाकिटावरच्या सूचनेतही तोच नंबर. दुकानातल्या डबीप्रमाणे अंगाचा रंग म्हणजे हाच.

तेव्हा हा रंग हाताने करावा लागला. गुलाबीत थोडा तपकिरी, मग जरासा पिवळा, पुन्हा तपकिरी. स्वतःच्या मनगटाशेजारी ब्रश धरून बघत बघत. तीन मिलिमीटरच्या चेहऱ्यावर गॉगल आणि हेल्मेट जाऊन उरतो तो नाक-गालांचा एक ठिपका. पण त्या ठिपक्यावाचून बाकीच्या तारा, पट्टे, घड्याळं सगळं बरोबर असूनही विमान दुसऱ्याच कोणाचं झालं असतं.

असो. पुढचं विमान डॉल्फिन करायचं ठरवलंय. त्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे असतो आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या उघड्या चौकटीतून बाहेर येतं. नजर चौफेर, पण विमान उतरताना उलटलं तर आधी मान जायची, म्हणून पुष्कळ वैमानिक त्याला बिचकायचे. म्हणजे या वेळी चेहरा कॉकपिटच्या भोकात लपणार नाही, सगळ्यात वर असेल. तेव्हा मिसळलेला उरलेला रंग एका छोट्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवलाय, वर नाव लिहून. मावशी, नातवाला मेणबत्तीवर तार ओढायला शिकवायचं असेल तर पाठवून दे.